कोकणात बसून दागिने घडवायचे तर

वेंगुर्ल्यातल्या एका जुन्या सोनारकाकांकडे मी पहिल्यांदा गेले ती चित्रांची वही काखेत मारून. सुरंगीच्या कळ्यांचे झुमके, कुर्लीच्या (खेकड्याच्या) नांगीची अंगठी, माडाच्या झावळीचा हार. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पानं उलटली आणि म्हणाले, "चित्र बरां आसा गो, पण ह्यां कानात घालतली कशी? वजन किती?" मला दोन्हीचं उत्तर येईना. घरी परतताना वही पिशवीच्या तळाशी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी काकांच्या दुकानातल्या कोपऱ्यात, तांब्याच्या पत्र्यावर करवत चालवायला बसले.

सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, अलिबाग अशा गावांत राहून, दुकान न थाटता आणि कुणाच्या पगारावर न राहता, स्वतःच्या नावावर दागिने घडवून विकायचे असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं काम मुख्यतः चांदीचं आणि थोडं पितळेचं. सोन्याला भांडवल लागतं, त्यामुळे सोनं मी फक्त ऑर्डर आली तरच हातात घेते. सुरुवात करणाऱ्यानेही तसंच करावं.

पहिले सहा महिने

डिझायनरने स्वतः घडवायलाच हवं का, असं खूप जण विचारतात. पुढे नाही घडवलं तरी चालेल, पण सुरुवातीला घडवायलाच हवं. ज्याने डाख (सांधा जोडणारा धातू) लावताना कडी वितळवलेली नाही तो कारागिराला चुकीचं चित्र देतो आणि वर त्याच्याशी हुज्जत घालतो.

ओळखीच्या सोनाराकडे रोज दोन-तीन तास बसायची परवानगी मागा. फुकट मागू नका. झाडलोट करा, पॉलिशचं काम करा, नाहीतर सरळ महिन्याचे पैसे ठरवा. हत्यारं मात्र स्वतःची घ्या: करवतीची फ्रेम आणि २/० नंबरची पाती डझनाने (पहिल्या आठवड्यात डझनभर तुटतातच), चपटी, अर्धगोल आणि गोल अशा तीन कानशी, एक चपटी आणि एक गोल तोंडाची पक्कड, चिमटे, छोटी ऐरण, अंगठीचा दांडा, गॅसची बारीक टॉर्च, मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. काट्याबाबत एक लक्षात ठेवा. वजनावर माल विकणार असाल तर तो वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच लागतो.

चांदी आणू नका. तांब्याचा ०.८ मिलिमीटरचा पत्रा आणा आणि त्यातून सरळ रेषा, मग गोल, मग देवनागरी अक्षरं कापा. 'क्ष' स्वच्छ कापता आला की करवत हातात बसली म्हणायची. पहिल्या वीस जोड्या कानातली तांब्यातच करा, बहिणींना, मावश्यांना घालायला द्या आणि महिनाभराने परत मागा. कुठे वाकलं, कुठे पदराला अडकलं, कुठला काटा कानात टोचला, हे तेव्हा कळतं. माझी झावळी ओढणीचे धागे ओढत होती. चित्रात ती फार सुंदर दिसायची.

याच काळात मापं पाठ होतात. कानात जाणारी तार ०.८ मिलिमीटर, म्हणजे २० गेजची. रोज घालायच्या कानातल्याचं वजन मी एका कानाला पाच ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. बांगडीच्या मापात नवशिके हमखास फसतात. २.४, २.६, २.८ हे दशांश नव्हेत. ती जुन्या आण्यांच्या हिशेबातली इंचं आहेत. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार-सोळांश, आतला व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे ६०, आणि दोन-आठ म्हणजे बरोबर अडीच इंच, साडेत्रेसष्ट. २.४ ला खरोखरच 'दोन पूर्णांक चार दशांश' समजलात तर बांगडी एका मापाहूनही थोडी मोठी होते. तोळ्याचंही तसंच. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, बारा मासे म्हणजे ९६ गुंजांचा. आजचे सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजी 'अर्धा तोळा' म्हणाली तर कुठला, ते विचारून ग्रॅममध्ये लिहून घ्या.

विस्तवाजवळ

चांदी ९६२ अंशांना वितळते. ९२५ ची चांदी, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, त्याच्या बऱ्याच आधी, ८९० च्या आसपास. नरम करायला तापवताना उजेड कमी ठेवा. फिकी लाली दिसली की थांबायचं, आणि उन्हात ती लाली दिसतच नाही. डाख नीट पसरावा म्हणून टाकणखार आधी लावायचा, आणि डाखापेक्षा दागिना आधी तापवायचा. डाख नेहमी गरम बाजूकडे धावतो.

जुनी सवय म्हणून काही ठिकाणी अजून कॅडमियमचा डाख वापरतात. 'केडीएम' हे नाव त्यावरूनच पडलं. त्याचा धूर फुप्फुसं खातो, म्हणून आणताना कॅडमियम नसलेला डाख मागूनच घ्या. पावसात खिडक्या बंद करून टॉर्च पेटवू नका, बाहेर कितीही झोडपत असलं तरी एक झडप उघडी हवी. डाखानंतरचा काळेपणा काढायला तेजाबाऐवजी कोमट पाण्यात लिंबूफूल घाला, काम तेच होतं. त्या पाण्यात लोखंडी चिमटा मात्र बुडवू नका, नाहीतर पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढून दागिना गुलाबी होतो. माझे असे सहा जोड झाले, आणि पहिल्या दिवशी मला वाटलं, चांदीच खोटी मिळाली.

शिकायला मुंबईला जावं का?

जमलं तर जावं, पण सहा महिन्यांनंतर. मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे. तिथे रेखाटन, रत्नांची ओळख आणि कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकवतात, दीर्घ आणि अल्प मुदतीचे दोन्ही अभ्यासक्रम असतात. हात आधी तयार असला तर तिथल्या एका महिन्याचं चीज होतं. कॉम्प्युटरवर काढलेला नमुना रेझिनमध्ये छापून घ्यायचा आणि झवेरी बाजारातल्या कास्टिंगवाल्याकडून चांदीत ओतून घ्यायचा, हा आजचा सरधोपट रस्ता आहे. पन्नास सारखे तुकडे हवे असतील तर तोच परवडतो. ओतकामात माल थोडा आकसतो, म्हणून मूळ नमुना किंचित मोठा ठेवा, अंगठीत तर हमखास.

रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी गाडीने गेलं की सकाळी मुंबई, दिवसभरात काम आटोपून रात्री परत. सिंधुदुर्गातल्यांना आणखी एक जवळची जागा आहे. घाट चढला की कोल्हापूरची गुजरी, म्हणजे सराफांची पेठ, आणि तिथून पुढे हातकणंगले तालुक्यातलं हुपरी, जिथे घरोघर चांदीचं काम चालतं. साखळ्या, घुंगरं, फासे (हार अडकवायचे) स्वतः घडवत बसू नका. ते हुपरीचे लोक वर्षानुवर्षं करतात, आपल्यापेक्षा चांगले आणि स्वस्त. तुमचा वेळ दागिन्याच्या त्या भागावर घाला जो दुसऱ्या कुणाकडे मिळत नाही.

कोकणातलं काय घ्यावं

'कोकणी दागिने' म्हटलं की लोक शिंपले वेचायला धावतात. सावध राहा. प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही जातींचे शंख-शिंपले यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कासवाची पाठ, वाघनख यांचं तर नावच काढायचं नाही. एखादी आजी पेटीतलं वाघनख घेऊन 'नुसती कडी बदलून दे' म्हणते, तेव्हाही हात जोडावेत.

गुंजेबद्दल मुद्दाम सांगते. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, सोनाराच्या काट्याशी नातं असलेली, आणि गावच्या कुंपणावर फुकट मिळणारी. पण तिच्यात ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. टणक सालीच्या आत ते बंद असतं. भोक पाडलंत की भुकटी तुमच्या नाकात आणि दागिना कुणाच्या तरी लहान मुलाच्या तोंडात. गुंज दागिन्यात घालू नका.

मग उरतं काय? भरपूर. नारळाची करवंटी घासली की शिसवीसारखी चमकते, चांदीच्या कोंदणात फार शोभते. सावंतवाडीच्या चितारी कुटुंबांचं लाखकाम आहे. त्याच सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, असे एकूण १२० गोल पत्ते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. गंजिफेचं पदक करायचं असेल तर चित्रकाराकडून खास लहान आकारात रंगवून घ्या, त्याला त्याचे दर द्या आणि चिठ्ठीवर त्याचं नाव घाला. पत्त्याचा फोटो छापून रेझिनखाली चिकटवणारे आहेत, आणि त्यांचा माल दोन पावसाळ्यांत पिवळा पडतो.

माझा पहिला चाललेला संच सुरंगीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे सुरंगीचे वळेसार (गजरे) विकायला येतात आणि अख्खा बाजार घमघमतो. मी कळीची नक्कल केली नाही. दोऱ्यावर कळ्या एकमेकींना कशा खेटून बसतात, तेवढंच घेतलं. बकुळीहार, ठुशी, चिंचपेटी, पुतळीमाळ घडवणाऱ्यांनीही असंच केलं असणार, एक खूण उचलायची आणि बाकीचं सोडून द्यायचं. जुन्या दागिन्यांचं वजन, मागची बाजू, गाठी आणि फासे बघायला आजीची पेटी हीच उत्तम शाळा. मागची बाजू बघायला विसरू नका, सोनार तिथेच ओळखू येतो.

खारा वारा

घाटावरचे डिझायनर ज्याचा विचारही करत नाहीत, ते आपल्या पाचवीला पुजलेलं आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि दमट हवेत ते भराभर होतं. पितळेला आणि तांब्याला खाऱ्या हवेत हिरवा कळंक चढतो. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत काळवटपणा रोखणाऱ्या कागदाची पट्टी, डब्यात सिलिका जेल. रबरबँड कधीच लावू नका, रबरातच गंधक असतं. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका. कानशी आणि पात्यांना दर आठवड्याला मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, नाहीतर श्रावण येईपर्यंत त्या तांबूस होतात.

उलट, या हवेचा फायदाही घेता येतो. मी आता चांदी मुद्दाम काळवून उंच भाग तेवढाच उजळते. चकचकीत आरशासारखा दागिना कोकणात महिनाभर टिकतो, हा वर्षानुवर्षं. घामाने स्वस्त धातूची खाज सुटते, ती बहुतेक वेळा निकेलची असते. पितळी कानातल्यालाही कानात जाणारी तार चांदीचीच ठेवा.

किंमत

इथे बहुतेक जण बुडतात. हिशेब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला २०० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला. नऊ ग्रॅमची कानातली, पाच टक्के घट धरून ९.४५ ग्रॅम, म्हणजे १,८९० रुपये. साडेचार तास हातकाम, तासाला १५० रुपयांनी ६७५. डाख, पाती, गॅस, पॉलिश ९०. डबी ६०. झाले २,७१५. यावर वीज, फोटो, प्रवास, फसलेले तुकडे यांचे १५ टक्के, ३,१२२. त्यावर २० टक्के नफा, साधारण ३,७५०.

आता एखाद्या होमस्टेने किंवा बुटीकने माल ठेवून घ्यायला ३५ टक्के कमिशन मागितलं तर? ३,७५० वर ३५ टक्के चढवून चालत नाही. ३,७५० ला ०.६५ ने भागा, म्हणजे किंमत ५,७७० च्या आसपास येते. आणि तीच किंमत तुमच्या घरच्या पडवीतही ठेवावी लागते. 'मालकिणीकडून थेट घेतलं तर स्वस्त' हे एकदा पसरलं की ते दुकान तुमचा माल पुन्हा ठेवत नाही. ही किंमत जास्त वाटते ना? मग वजन कमी करा, वेळ कमी करा, डिझाइन बदला. तासाचे १५० मात्र कमी करू नका. आमच्याकडे घडणावळ हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक घासाघीस करतं. म्हणून मी चिठ्ठीवर धातू आणि काम वेगवेगळं लिहिते. धातूवर कुणी घासाघीस करत नाही, आणि काम डोळ्यांना दिसतं.

ऑर्डर आणि मोडीचं सोनं

एका लग्नाच्या ऑर्डरीत मी जुन्या दराने आगाऊ रक्कम घेतली आणि चांदी घ्यायला महिना लावला. तेवढ्यात दर चढला आणि माझी मजुरी त्यात वाहून गेली. तेव्हापासून नियम असा: निम्मी रक्कम आगाऊ, आणि तेवढी धातू त्याच दिवशी विकत. चिठ्ठीवर त्या दिवशीचा दर, अंदाजे वजन, वजन कमी-जास्त झालं तर काय, देण्याची तारीख, दोघांच्या सह्या.

गिऱ्हाईक मोडीचं सोनं आणतं तेव्हा आणखी जपा. त्याच्यासमोर वजन, फोटो, कस तपासणी, आणि वितळवताना तो हजर. खडे, लाख, मेण यांचं वजन वेगळं निघतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं बरं. छोट्या गावात एका संशयाची बातमी एसटीच्या आधी पोचते.

कागदपत्रं

सोन्यावर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतला दागिना आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेला सराफ यांना सूट आहे, तरी मी सोन्याचं काम हॉलमार्क करूनच देते. अनोळखी बाईच्या हातचं सोनं लोकांनी कशाच्या भरवशावर घ्यायचं? चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्यालाही एचयूआयडी मिळतो. तपासून न घेतलेल्या चांदीवर '९२५' ठोकू नका.

दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के, आणि दुसऱ्याच्या धातूवर केलेल्या मजुरीवर ५. मालासाठी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची असली तरी राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल लहान असूनही नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सवलत आहे. तुमचा माल त्यात बसतो का, ते पहिलं पार्सल बंगळूरला जायच्या आधी सीएला विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट होते, ती आजच करा. सोनारकाम हे पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांपैकी एक आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळतं. मात्र गेल्या पाच वर्षांत तुम्ही पीएमईजीपी या सरकारी रोजगारनिर्मिती योजनेचं कर्ज घेतलेलं असेल, किंवा मुद्राचं फेडायचं राहिलं असेल, तर इथे अडतं. कुठलं कर्ज आधी, हे ठरवूनच अर्ज भरा.

नक्कल होणारच. डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं, आणि एकट्या व्यक्तीला अर्जाचं शुल्क हजार रुपये आहे. गंमत अशी की नोंदणीआधी डिझाइन जगजाहीर झालेलं चालत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकलंत की हक्क गेला. आणि नोंदणी न करता एकाच डिझाइनचे पन्नासाहून जास्त तुकडे यंत्राने किंवा साच्याने काढले तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. मी वर्षाला एखादंच डिझाइन नोंदवते, साच्यातून जास्त काढायचं असेल तेच. ठुशी कुणाच्या नावावर नोंदवता येत नाही, ती सगळ्यांची.

वर्षाची घडी

जून ते ऑगस्ट घडवायचं. पर्यटक नसतात, वीज जाते-येते, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते, म्हणून कास्टिंगचा माल मेअखेर घरात हवा. फोटोही तेव्हाच काढा. आभाळ भरलेलं असताना पडवीत जो मऊ उजेड येतो तो विकतच्या दिव्यांनी येत नाही. ओला जांभा खाली ठेवला की चांदी उठून दिसते.

गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा मोठे हार चालत नाहीत. चांदीची जास्वंद, दुर्वांची जुडी, गौरीच्या कानातलं, नव्या सुनेच्या ओवशाला (गौरीपूजेतल्या विधीला) द्यायची जोडवी हे चालतं. ते श्रावण लागायच्या आत तयार पाहिजे. ऑक्टोबर ते मे पर्यटनाचा हंगाम. तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग इथल्या होमस्टेंमध्ये एक छोटी काचेची पेटी ठेवा, दहाच नग, दर पंधरा दिवसांनी बदलून. कुणकेश्वरच्या किंवा आंगणेवाडीच्या जत्रेत मी एकदाच बसले. तिथे दोनशे रुपयांच्या वर कुणी हात घालत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव किंवा ग्रामीण उत्पादकांचं महालक्ष्मी सरस अशा ठिकाणी मात्र एका आठवड्यात चार महिन्यांची विक्री होऊ शकते. जाण्याआधी स्टॉलचं भाडं, राहणं, जेवण धरून किती नग विकले तर पैसे निघतील ते वहीत मांडा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळा शिल्लक माल काट्यावर घालते. दोन हंगाम न विकलेला तुकडा मुशीत जातो, अपवाद नाही. कुर्लीच्या नांगीच्या माझ्या अकरा अंगठ्या अशाच गेल्या. बोटात घातल्या की मूठ मिटत नव्हती. त्यांची ७४ ग्रॅम चांदी निघाली, आणि त्यातून या वर्षीच्या दुर्वा घडवल्या.